धार धरणारे हात

बंगळुरूत लग्नाचं रिसेप्शन पुष्कळदा लग्नाच्या आदल्या संध्याकाळीच असतं. पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्याला हे आधी उलटंच वाटतं. नवरा-नवरी सजवलेल्या मंचावर उभी असतात, लोक रांगेनं वर जाऊन अभिनंदन करतात, फोटो निघतात, खालच्या मजल्यावर जेवणावळी चाललेल्या असतात आणि लग्न मात्र अजून लागायचंच असतं. पत्रिकेत दोन वेळा दिलेल्या असतात. संध्याकाळची असते ‘आरतक्षते’, दुसऱ्या दिवशी सकाळची ‘धारा मुहूर्त’. यामागचा हिशेब सोपा आहे. मुहूर्त सकाळचा, कधी तर अगदी उजाडता उजाडता. कचेरीतल्या माणसांना त्या वेळी येणं जमत नाही. कार्यालय बहुधा आदल्या दुपारपासून दुसऱ्या दुपारपर्यंत घेतलेलं असतं. म्हणून आदली संध्याकाळ ओळखीपाळखीच्यांची आणि सकाळ घरच्यांची, अशी वाटणी होऊन गेली आहे.

नोकरीसाठी या शहरात आलेली मराठी माणसं बहुतेक वेळा त्या संध्याकाळीच जाऊन येतात. रांगेत उभं राहायचं, पाकीट द्यायचं, जेवायचं आणि परतायचं. कन्नड लग्न पाहिलं असं त्यांना वाटतं, पण त्यांनी लग्न पाहिलेलंच नसतं. माझं आग्रहाचं सांगणं आहे की सकाळी जा. आमंत्रण फक्त संध्याकाळचं असलं तरी ‘मुहूर्तालाही येऊ का?’ असं विचारा. या प्रश्नानं कुणाचा चेहरा पडलेला मी पाहिलेला नाही, उलट घरातली मोठी माणसं खुलतात. सकाळी जाण्याचं कारण असं, की या प्रदेशातल्या कितीतरी समाजांच्या लग्नात पाहुण्याला काम असतं. तो नुसता साक्षीला बसलेला नसतो, लग्न लावणाऱ्यांत त्याचाही हात असतो, तोही अगदी शब्दशः.

प्रवासी म्हणून जाणाऱ्यानं आधी काळवेळ पाहावी. आपलं आणि कर्नाटकाचं पंचांग एकच, गुढीपाडवा आणि युगादी एकाच दिवशी येतात. तरी लग्नाचे महिने जुळतातच असं नाही. आपल्याकडे जुन्या घरांत चातुर्मासात लग्न काढत नाहीत, तुळशीचं लग्न होईपर्यंत थांबतात. कर्नाटकात आषाढ टाळतात, पण श्रावण लागला की कार्यालयं पुन्हा भरतात. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंतचा धनुर्मास मात्र रिकामा जातो. तेव्हा बंगळुरूची सहल नाताळच्या सुट्टीत ठरवून लग्न बघायला मिळेल अशी आशा धरू नये.

मंगल कार्यालयाला इथं ‘छत्र’ म्हणतात, शहरी बोलण्यात ‘चौल्ट्री’ आणि पत्रिकेत ‘कल्याण मंटप’. बसवनगुडी, मल्लेश्वरम, जयनगर या जुन्या वस्त्यांत अशी कार्यालयं पुष्कळ आहेत. दाराशी घडांसकट उभे केलेले केळीचे खुंट, वर आंब्याचं तोरण, खाली रांगोळी. आत शिरताना मुली गुलाबपाणी शिंपडतात, गंध आणि कुंकू पुढे करतात, खडीसाखर देतात. बायकांना जाईजुईच्या गजऱ्याचा तुकडा मिळतो. तो पर्समध्ये ठेवू नये, तिथंच केसांत माळावा, देणारीला बरं वाटतं. इथं एक गोष्ट बोलायलाच हवी. हे अरिशिन-कुंकुम, म्हणजे हळदीकुंकू, विधवांना वगळून पुढे नेण्याची चाल इकडेही होती आणि कितीतरी घरांत आजही आहे. सीमेलगतच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं 2022 मध्ये विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला. रीत म्हणून जे जे दिसतं ते सगळंच जपण्यासारखं असतं असं मला वाटत नाही. ताटली हातात घेणारी मुलगी ती सगळ्यांपुढे धरते तेव्हा तीही एक नवी रीतच पाडत असते.

सकाळच्या न्याहारीला इडली-वडा, खारा भात किंवा पोंगल, बरोबर केसरी भात आणि गाळलेली कॉफी. ती चुकवू नये, कारण पुढचं जेवण मुहूर्तावर अवलंबून असतं.

मांडवात बसल्यावर मराठी माणसाला पहिल्यांदा जाणवतं ते ओळखीचं. नवरीला मामाच घेऊन येतो, त्याला इथं सोदर मावा म्हणतात. मध्ये अंतरपाट धरलेला असतो. कपाळाला बासिंग असतं. ब्राह्मणांच्या लग्नात त्याआधी काशीयात्रा होते. नवरा छत्री, काठी आणि पोथी घेऊन पायात खडावा घालून काशीला निघतो आणि मुलीचे वडील किंवा भाऊ त्याला अडवून ‘आमच्या मुलीशी लग्न करा’ म्हणून परत आणतात. आपल्याकडे हाच प्रसंग सोडमुंजीत होतो, तिथं काशीला निघालेल्या बटूला मामा मुलगी देण्याचं कबूल करून थांबवतो.

मग मात्र काहीतरी वेगळं घडतं. नवरा-नवरीच्या हातात विड्याच्या पानावर जिरं आणि गूळ एकत्र वाटून केलेली गोळी ठेवतात, जीरिगे-बेल्ला. मुहूर्ताची घटका भरली की अंतरपाट खाली येतो आणि दोघं ती एकमेकांच्या डोक्यावर ठेवतात. आंध्र-तेलंगणातही ही रीत आहे. आपल्याकडे ‘सावधान’ म्हणताच अंतरपाट दूर होतो आणि अक्षता पडतात, तो जो क्षण असतो तोच हा. जिरं कडसर आणि गूळ गोड, ही दोन्ही एकदा मिसळली की वेगळी करता येत नाहीत, असा अर्थ तिथली वडीलधारी मंडळी सांगतात. माझं लक्ष मात्र त्या दोघांच्या चेहऱ्यांकडे असतं. इतका वेळ पडद्याआड उभं राहिल्यावर पहिलं पाहणं आणि पहिला स्पर्श एकदमच होतो.

आता पाहुण्याचं पहिलं काम येतं. ताली, म्हणजे मंगळसूत्र, एका ताटात नारळावर ठेवून मांडवभर फिरवलं जातं. प्रत्येक जण त्याला हात लावतो, तो हात डोळ्यांना किंवा कपाळाला लावतो, मग ताट पुढे जातं. बरोबर अक्षता वाटल्या जातात. आपल्या अक्षता कुंकवानं लालसर, इथल्या सहसा हळदीनं पिवळ्या. ताट जवळ आलं की परका म्हणून अंग चोरून बसू नये. तुमचाही हात लागावा म्हणूनच ते फिरत असतं. पुष्कळ घरांत तालीत दोन पदकं असतात, एक माहेरचं आणि एक सासरचं, आपल्या मंगळसूत्राच्या दोन वाट्या असतात तशीच. काळे मणी म्हणजे करिमणी. हे साम्य पाहून मराठी बायका हमखास बोलत्या होतात, भाषा येत नसली तरी.

ताली बांधायच्या घटकेला पुरोहित हात वर करून ‘गट्टी मेळा, गट्टी मेळा’ असं ओरडतात. तोपर्यंत संथ चाललेलं नागस्वर आणि डोलू एकदम पूर्ण जोरात सुटतात. त्या घटकेला कानावर शिंक, रडणं किंवा कुणाचा अभद्र शब्द पडू नये म्हणून हा गजर. आपल्याकडे शेवटच्या मंगलाष्टकानंतर वाजंत्री सुरू होते, तीही याच समजुतीनं. फरक इतकाच की आपण मंगलाष्टकं ऐकताना एका जागी उभे असतो आणि इथं गट्टी मेळा सुरू होताच सगळा मांडव मंचाकडे सरकतो. मागे बसलेल्याला मग काही दिसत नाही. ताली बांधताना पाहायची असेल तर पुरोहितांच्या हातावर नजर ठेवून चार पावलं आधीच पुढे जावं.

आणि मग धारे. ज्या विधीवरून मुहूर्ताला नाव मिळालं आहे तो हा विधी, आणि माझ्या मते सगळ्या लग्नाचा गाभाही हाच आहे. कन्यादानात पाणी सोडण्याची रीत सगळीकडे आहे. आपल्याकडे आई झारीनं पाण्याची धार धरते, ती वडिलांच्या हातावरून मुलीच्या आणि जावयाच्या ओंजळीत पडते, लोक पाहतात. कर्नाटकातल्या ब्राह्मणांतही धारे बहुतेक आईवडिलांपुरतीच असते. परंतु जुन्या म्हैसूर भागातल्या वोक्कलिगांमध्ये आणि इतर अनेक समाजांत ती सगळ्यांची होते. नवऱ्याच्या हातावर नवरीचा हात, त्यावर नारळ, खाली परात. आईवडील पहिली धार धरतात. मग आजी-आजोबा, काका, आत्या, भावंडं. मग शेजारी, गावचे लोक, शाळेतले मित्र. प्रत्येक जण पळीनं किंवा लहान भांड्यानं दुधाची धार त्या जोडलेल्या हातांवर सोडतो, अक्षता टाकतो आणि बाजूला होतो. ही रांग अर्धा तास चालते, मोठ्या लग्नात त्याहून जास्त. दूध हातांवरून ओघळत राहतं, दोघांचे हात अवघडतात, तरी खाली घ्यायचे नसतात.

या रांगेत उभं राहिलं की कळतं, मुलगी देणं हे एका बापाचं काम नाही असं हा विधी सांगतो. ज्या गावात ती वाढली त्या गावातला प्रत्येक हात तिच्या लग्नात लागतो. पुढे संसारात काही बिनसलं तर ‘आमच्या हातून दूध पडलंय’ असं म्हणण्याचा हक्कही त्या सगळ्यांना पोचतो. शहरात, जिथं शेजारच्या दाराआडचं माणूस वर्षानुवर्षं अनोळखी राहतं, तिथं ही रांग टिकून आहे याचं मला फार मोल वाटतं. परगावच्या पाहुण्यालाही कुणीतरी दंडाला धरून रांगेत ढकलतं, ‘बन्नी, बन्नी’, म्हणजे ‘या, या’, म्हणत. तेव्हा जावं. उजव्या हातानं धार धरावी, डावा हात उजव्याच्या कोपराला लावावा, आणि मागे माणसं खोळंबली आहेत हे लक्षात ठेवून फोटोसाठी थांबू नये.

हीच गोष्ट आणखी पुढे गेलेली पाहायची असेल तर कोडव लग्नाला जावं. कोडगू जिल्ह्यातल्या या समाजाची बरीच कुटुंबं बंगळुरूत आहेत आणि वसंतनगरातल्या कोडव समाजाच्या वास्तूत त्यांची लग्नं होतात. कोडव लग्नात पुरोहित नसतो, होम नसतो, मंत्र नसतात. नवरा किंवा नवरी तिपाईवर बसते, समोर दिवा असतो. आधी आई येते. तांदळाचे दाणे घेऊन ती गुडघ्यांना, खांद्यांना आणि मस्तकाला लावते, तोटीच्या भांड्यातून दुधाचा घोट पाजते आणि हातात नाणं ठेवते. मग वडीलधारे आणि आप्तेष्ट, त्यांच्यामागून जमलेले सगळे एकेक करून तेच करतात. तेवढ्यानं लग्न लागतं. पाहुणे आलेच नाहीत तर लग्न लावायला दुसरं कुणी नाही, अशी ही रचना. मुहूर्ताआधी केळीचे सोट कोयत्यानं छाटण्याचा मान असतो, त्यात मामाचा हक्क मोठा. लग्नानंतर नवरी विहिरीवरून पाणी घेऊन निघते आणि नवऱ्याकडची माणसं वाटेत नाचत तिला अडवतात, कधी तासन् तास. डोक्यावर भरली घागर घेऊन ती शांत उभी राहते. घरात पाणी आणणारी ती, आणि तिचा धीर सगळ्यांसमोर पाहिला जातो. नाचणाऱ्यांनी जरा बेतानं नाचावं असं मला दर वेळी वाटतं, पण कोडव बायका हा प्रसंग पुढे वर्षानुवर्षं अभिमानानं सांगतात हेही खरं.

दूरच्या मुलखातही पाहुण्याला असंच कामाला लावलेलं दिसतं. उझबेकिस्तानात लग्नाच्या निमित्तानं भल्या पहाटेचा ‘ओश’ असतो. सकाळच्या नमाजानंतर पुरुष मंडळी जमतात, मोठ्या कढयांत मटण, गाजर आणि तांदळाचा पुलाव शिजलेला असतो, लांब कर्णे वाजत असतात. पाहुण्यानं यायचं, आशीर्वादासाठी हात पसरायचे, पुलाव खायचा आणि पुढच्या पंगतीला जागा करून लगेच उठायचं. रेंगाळणं तिथं शिष्टाचारात बसत नाही. लग्नानंतर ‘केलिन सलोम’ होतो, त्यात पदर घेतलेली नवी सून एकेका नातेवाइकापुढे पुन्हा पुन्हा लवून नमस्कार करते. तिथल्या पुलावाच्या परंपरेला युनेस्कोनं 2016 मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, ते चवीइतकंच या सामाजिक वापरासाठी. पाककृती कुठंही मिळते. पहाटे उठून शेजाऱ्याच्या दारी जाणारी शेकडो माणसं कुठंही मिळत नाहीत.

बंगळुरूचं लग्नाचं जेवण मात्र उझबेक ओशच्या अगदी उलट चालतं. इथं घाई करायची नसते. केळीचं पान मांडलं जातं, अग्र डावीकडे. थोडं पाणी शिंपडून ते आपण पुसून घ्यायचं. पहिल्यांदा मीठ आणि लोणचं, मग कोसंबरी. ही भिजवलेली मुगाची किंवा हरभऱ्याची डाळ न शिजवता काकडी, ओलं खोबरं, लिंबू घालून आणि मोहरीची फोडणी देऊन करतात. चैत्रातल्या आपल्या वाटल्या डाळीची ती सख्खी बहीण. मग एक-दोन पल्या म्हणजे परतलेल्या भाज्या, गोज्जू, पापड, सांडगे, चित्रान्न किंवा पुळियोगरे, खीर. पानाला हात लावायची घाई करू नये. सगळीकडे वाढून झालं की घरचा माणूस येऊन सुरुवात करायला सांगतो. भातावर आधी तूप आणि तोव्वे म्हणजे साधं वरण, मग सारू म्हणजे रसम, मग हुळी म्हणजे सांबार. बिसी बेळे भात बहुतेक असतोच. ओब्बट्टू, ज्याला होळिगे असंही म्हणतात, म्हणजे आपली पुरणपोळी, बरीच पातळ आणि मऊ, तुपात भिजवलेली. ओल्या खोबऱ्याचीही करतात. पुरणाच्या पाण्याचं जे सारू होतं ते आपली कटाची आमटीच, पण ओल्या खोबऱ्यामुळे जरा सौम्य. शेवटी ताक किंवा दहीभात, तोपर्यंत उठायचं नाही.

मधूनच मुलीचे वडील किंवा काका पंगतीतून हात जोडून फिरतात आणि म्हणतात, ‘निधानवागी ऊटा माडी’. आपल्या पंगतीतलं ‘सावकाश होऊ द्या’ अगदी त्याच जागी, त्याच सुरात. महाराष्ट्रात टेबलांवर मांडलेल्या बुफेनं हा आवाज जवळजवळ बंद पाडला आहे. बंगळुरूसारख्या धावत्या शहरात लग्नाची पंगत अजून बसते, आणि बुफे असला तरी मुहूर्ताच्या दिवशी बहुतेक घरं पानावरच वाढतात, हे आपण शिकून घरी न्यावं असं मला मनापासून वाटतं. गर्दी असली तर जेवणाऱ्याच्या खुर्चीमागे पुढचा माणूस येऊन उभा राहतो. नवख्याला त्याचं दडपण येतं. मागचा माणूस मात्र शांत असतो, त्याला सवय असते. जेवून झाल्यावर पान दुमडायचं की तसंच सोडायचं, हे घराघरात निराळं आहे, शेजारी बसलेली आजी काय करते ते बघून तसं करावं.

आहेराचाही एक शब्द ऐकून ठेवण्यासारखा आहे, मुय्यी. मंड्या, हासन, तुमकूरकडच्या गावांतून आलेल्या कुटुंबांत कुणी किती दिले ते वहीत लिहून ठेवतात आणि त्यांच्या घरच्या कार्याला तेवढे किंवा थोडे जास्त परत करतात. आपल्या गावाकडे आहेराची वही असते तीच ही. लग्नाचा खर्च एका घरावर एकदम पडू नये म्हणून साऱ्या गावानं मिळून उचललेलं बिनव्याजी कर्ज असं तिच्याकडे पाहता येतं. ज्यांना हे कर्ज फेडण्याची ऐपत राहत नाही त्यांना मात्र ती वही जड होते. शहरी पत्रिकांवर आता ‘आहेर आणू नये, आशीर्वाद पुरेत’ असं छापलेलं असतं. तसं असेल तर ते पाळावं.

निघताना तांबूल मिळतो. कापडी पिशवीत नारळ, विड्याची पानं, सुपारी, क्वचित खण. तो न घेता निघणं इथं बरं दिसत नाही. परतीचं विमान असलं तरी घ्यावा. नारळाचं काय करायचं ते विमानतळाच्या वाटेवर ठरवता येतं, टॅक्सीवाल्या अण्णांना दिला तरी तो मानाचाच जातो.

मराठी माणूस या शहरात परका आहे असं धरून मी वर बोललो खरा, पण सगळेच मराठी इथं परके नाहीत. 1638 मध्ये विजापूरच्या आदिलशाही फौजेनं रणदुल्लाखानाच्या हाताखाली तिसऱ्या केंपेगौडाकडून बंगळुरू घेतलं. त्या मोहिमेत शहाजीराजे होते आणि पुढे हे ठाणं त्यांच्या जहागिरीत आलं. 1687 मध्ये मोगलांनी ते घेईपर्यंत जवळपास अर्धं शतक इथं भोसल्यांचा अंमल होता. त्यानंतर म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांनी ते मोगलांकडून तीन लाख रुपयांना विकत घेतलं. त्या काळात आणि नंतर आलेली मराठा, देशस्थ, भावसार, शिंपी अशी कुटुंबं इथलीच झाली. 1950 मध्ये बंगळुरूत जन्मलेले शिवाजीराव गायकवाड, म्हणजे रजनीकांत, अशाच मराठी घरातले. या घरांची लग्नं पाहावीत. घरात जुनी मराठी, पत्रिका कन्नडमध्ये, मुंडावळ्या आणि बासिंग दोन्ही, पंगतीत कोसंबरी आणि कटाची आमटी शेजारी शेजारी, आणि नव्या सुनेनं घरात शिरताना तांदळाचं माप पायानं लोटणं. हे माप कन्नड घरांतही तसंच असतं, तिथं तो तांदूळ-गूळ भरलेला शेर असतो.

आता बंगळुरूतल्या कचेऱ्यांत जुळलेली मराठी-कन्नड लग्नंही वाढली आहेत. कुणाच्या रीतीनं लावायचं यावरून दोन्ही घरांत चर्चा होते, कधी ती कडू होते. कायद्यानं ही अडचण केव्हाच सोपी करून ठेवली आहे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याचं सातवं कलम सांगतं की दोघांपैकी कोणत्याही एका पक्षाच्या रूढीनुसार विधी झाले तरी विवाह होतो. 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार लागतात, पुरोहित लागत नाही. म्हणजे कायद्यालाही शेवटी माणसंच हवी असतात. व्यवहारात घरं दोन्ही करतात. मंगलाष्टकं म्हणून अंतरपाट दूर होतो, लगेच जिरं-गूळ, मग ताली, आणि मग धारेची रांग. त्या रांगेत पुण्याची मावशी आणि तुमकूरची अज्जी एकमेकींना पळी देतात.

हे सगळं नाकारून साधेपणानं लग्न लावण्याची परंपराही दोन्हीकडे आहे आणि ती विसरता कामा नये. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक पद्धतीचा पहिला विवाह 25 डिसेंबर 1873 रोजी झाला, त्यात पुरोहित नव्हता. वधूवरांनी एकमेकांना शब्द दिले. कर्नाटकात राष्ट्रकवी कुवेंपूंनी ‘मंत्र मांगल्य’ नावाची पद्धत घालून दिली. मुहूर्त नाही, हुंडा नाही, थाट नाही, मोजकी माणसं आणि वाचून दाखवलेली प्रतिज्ञा. 1966 मध्ये त्यांचे पुत्र, कादंबरीकार पूर्णचंद्र तेजस्वी यांचं लग्न या रीतीनं झालं. आजही कन्नड साहित्य आणि चळवळीतली तरुण मंडळी तशी लग्नं करतात. आमंत्रण आलं तर जरूर जावं. तिथंही पाहुण्याला काम आहे, प्रतिज्ञा लक्ष देऊन ऐकायचं.

राहिला बीगर ऊटा. लग्नाचं जेवण सहसा शाकाहारी असतं, पण वोक्कलिगांसह अनेक समाजांत लग्नानंतर एक-दोन दिवसांनी किंवा येत्या रविवारी व्याह्यांसाठी मांसाहारी जेवण होतं. मटणाचं सारू, कोंबडी, भात आणि रागी मुद्दे म्हणजे नाचणीच्या पिठाचा वाफाळता गोळा. मुद्दे चावत नाहीत. बोटांनी लहान तुकडा तोडायचा, सारूत बुडवायचा आणि तसाच गिळायचा. पहिल्यांदा घशाशी अडतो. तुकडा लहान घेतला आणि सारू भरपूर घेतलं की जमतं. जमलंच नाही तर भात मागावा, कुणी नावं ठेवत नाही. हे आमंत्रण छापील नसतं. लग्नाच्या पंगतीत, ताक वाढताना, घरचं कुणीतरी वाकून हळूच सांगतं की रविवारी दुपारी घरी या, बरोबर पत्ता सांगतं आणि येणार का ते विचारतं. हो म्हणावं, आणि त्या दिवशी सकाळी काही खाऊ नये.